मांगरात कोबा घालताय? आधी ओल थांबवा, सिमेंट नंतर



गेल्या काही दिवसांत कार्यालयात येणाऱ्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. घरामागचा जुना मांगर आहे, भिंती चिऱ्याच्या, वर कौले, खाली मात्र नुसती माती. पूर्वी तिथे गुरे होती, नाहीतर नारळ-सोडणे पडलेली असायची. आता गुरे गेली. तिथे जाळी, इंजिन, बर्फाच्या पेट्या, सुके नुस्ते ठेवायचे आहे, म्हणून खाली कोबा घालून घ्यायचा आहे. "किती गोणी सिमेंट लागेल?" एवढेच सगळे विचारतात.

गोणींचा हिशेब पुढे दिलेला आहे. पण तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की खालची ओल कुठून येते आणि ती कशी थांबवणार? याचे उत्तर न शोधता मातीवर नुसते दोन इंच सिमेंट पसरले, तर पहिल्या पावसात डाग दिसतात, दुसऱ्या पावसात भेगा पडतात आणि तिसऱ्या वर्षी तुकडे हाताने उचलता येतात. आपल्याच भागात अशा खोल्या आहेत. पैसे गेले ते गेलेच, वर ते तुकडे फोडून बाहेर टाकायची मजुरी वेगळी.

म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे. सावकाश वाचा आणि गवंड्याशी बोलायच्या आधी वाचा.

ओल वर येते कशी

समईची वात तेल वर ओढते, तशीच माती पाणी वर ओढते. माती जितकी बारीक आणि चिकट तितकी ओढ जास्त. चिकणमातीत पाणी काही फूट वर चढते, जाड्या वाळूत काही इंच, आणि मोठ्या दगड-खडीत जवळजवळ चढतच नाही, कारण दोन दगडांमधली पोकळी मोठी असते. आपल्या सगळ्या कामाचे गुपित या एका गोष्टीत आहे. माती आणि काँक्रीट यांच्यामध्ये मोकळ्या दगडाचा थर असला, की वात तुटते.

काँक्रीट स्वतः पाणी अडवत नाही, हेही लक्षात घ्या. ते दिसायला घट्ट असले तरी त्यात बारीक छिद्रे असतात आणि तेही पाणी ओढते. "सिमेंट केलं की ओल बंद" हा समज चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि ही आपल्या लोकांनी जास्त ध्यानात ठेवायची. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाझरते, ते सगळ्यांनी पाहिले आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. आता ज्या मांगरात वर्षानुवर्षे ओली जाळी टाकली, खाऱ्या पाण्याच्या पेट्या ओतल्या, तिथली वरची माती म्हणजे मिठाची बरणीच झालेली असते. खालून पाणी आले नाही तरी ती ओली राहते. अशी माती तशीच ठेवून वर कोबा घातला, तर कोब्यावर पांढरी भुकटी फुलते आणि वरचा पापुद्रा सुटतो.

तिसरी ओल हवेतली. पावसाच्या सुरुवातीला दमट गरम हवा आत येते आणि थंड जमिनीवर घाम सुटतो. ही ओल खालून आलेली नसते. तिला प्लास्टिक टाकून उपयोग नाही, तिला वारा हवा.

आपली ओल कोणती, ते आधी ओळखा

यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. तीन फूट बाय तीन फूट प्लास्टिकचा जाड कागद घ्या, मांगराच्या मधोमध मातीवर पसरा आणि चारही कडांवर वाळू टाकून दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी उचला. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली. दोन्हीकडे असतील तर दोन्ही.

शिवाय भर पावसात, जुलैमध्ये, मांगराच्या एका कोपऱ्यात भिंतीपासून तीन फूट आत एक दीड फुटाचा खड्डा मारा. त्यात पाणी साचले, तर पाण्याची पातळी तुमच्या जमिनीच्या अगदी जवळ आहे. अशा जागी खोदकाम करायचे नाही, जमीन वर उचलायची.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना बंदी असते, हाताला वेळ असतो. म्हणून पुष्कळ जण हे काम याच दिवसांत काढतात. पण तेव्हा जमीन पाण्याने फुगलेली असते, धुमस मारली तर माती दबण्याऐवजी चिखल होतो. बंदीत फक्त बघायचे: पाणी कुठून येते, कुठपर्यंत चढते, भिंत किती ओली होते. भिंतीवर कोळशाने खूण करून ठेवा. काम काढायचे ते जानेवारीनंतर, जमीन सुकल्यावर. हंगामात गडी मिळत नाहीत हे खरे, पण हे पाच-सहा दिवसांचेच काम आहे, दोन टप्प्यांत केले तरी चालते.

बाहेरचे पाणी आधी वळवा

अर्ध्याहून जास्त मांगरांमध्ये खरी अडचण आत नसून बाहेर असते. कौलांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते, तिथे खाच पडते, आणि ते पाणी पायाखालून आत शिरते. काही ठिकाणी वर्षानुवर्षे पालापाचोळा, माती, राडारोडा टाकून बाहेरचे अंगण आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेले असते. तेव्हा,

- पन्हाळ लावा. ते जमत नसेल तर पाणी पडते त्या रेषेत उथळ गटार काढून ते उताराकडे न्या.
- भिंतीला लागून साठलेली माती काढा. बाहेरची जमीन भिंतीपासून लांब उतरती करा.
- जवळ विहीर किंवा न्हाणीघर असेल तर तिथले सांडपाणी दुसरीकडे वळवा.

हे काम घरच्या घरी होते, सिमेंट लागत नाही. कित्येकदा एवढे केल्यावरच आतली ओल निम्मी होते. एक पावसाळा हे करून बघा आणि मग आतले काम ठरवा, असा माझा सल्ला.

किती उंच, किती खोल

एकूण थरांचा हिशेब असा: दगडाचे सोलिंग ६ इंच, त्यावर जाड्या कचीचा थर २ इंच, त्यावर प्लास्टिक, त्यावर काँक्रीट ४ इंच. झाले १२ इंच, म्हणजे एक फूट.

तयार जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान ६ इंच उंच हवी. आता आत आणि बाहेर सारखीच पातळी असेल, तर ६ इंच खोदायचे आणि ६ इंच वर यायचे. आतली जमीन आधीच ६ इंच उंच असेल, तर पूर्ण फूटभर खोदावे लागेल.

वर येताना दाराची उंची बघा. जुन्या मांगरांची दारे बुटकी असतात. सहा इंच जमीन चढली, की इंजिन खांद्यावर घेऊन आत जाणारा माणूस डोके आपटणार. दाराची चौकट लाकडाची असेल तर तिचे पाय काँक्रीटमध्ये पुरू नका, दोन-तीन वर्षांत बुडाला कुजतात. खालचा भाग कापून चौकट वर घ्या. मध्ये लाकडी खांब असेल तर त्याच्याखाली काळ्या दगडाची बैठक द्या आणि कोबा त्या दगडापर्यंतच आणा.

भिंतीजवळ खोदताना सांभाळून

जुन्या मांगराचा पाया किती खोल आहे हे कोणालाच ठाऊक नसते. कधी दोन फूट असतो, कधी जेमतेम एक चिरा जमिनीत असतो. म्हणून आधी भिंतीलगत एका जागी हातभर रुंद खड्डा करून पायाचा तळ कुठे आहे ते बघा. पायाच्या तळाच्या खाली कधीही खोदू नका. खोदावेच लागत असेल, तर भिंतीपासून एक फूट पट्टा तसाच सोडा आणि तिथून उतरते खोदा. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीचा पाया उघडा पडला आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस आला, तर भिंत बसायला वेळ लागत नाही. कोबा राहील बाजूला आणि मांगर जाईल.

वरची शेणाने सारवलेली माती, मुळे, जाळ्याचे कुजके तुकडे, शिंपल्या, सगळे काढून टाका. खारवलेली माती किमान सहा इंच तरी निघालीच पाहिजे. ती माडांच्या मुळात टाका, माड खारटपणा सोसतो. भाजीच्या वाफ्यात मात्र नको.

वाळवीचे वारूळ किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर आताच बंदोबस्त करा, नंतर संधी मिळणार नाही. पण एक सावधानता. वाळवीसाठी जे क्लोरपायरीफॉस वापरतात ते मासळीला आणि कोळंबीला फार घातक आहे. विहिरीजवळ ते ओतू नका. पंप आणि डबे खाडीत किंवा ओहोळात धुऊ नका. ज्या मांगरात सुके नुस्ते ठेवायचे तिथे औषध घालायचे की नाही, हे माहितगार माणसाला विचारूनच ठरवा. ज्या पाण्यावर आपले पोट आहे त्यातच विष सोडायचे नाही.

थर घालण्याची रीत

१. माती दाबणे. खोदलेला तळ सारखा करून हलके पाणी शिंपडा आणि धुमसने चोपून काढा. माती ओलसर असावी, चिखल नको. टाच मारली तर खड्डा पडता कामा नये. जुनी बिळे, मुळांच्या पोकळ्या सापडल्या तर त्या खडीने भरून मगच पुढे जा. मऊ राहिलेल्या जागेवरच पुढे भेग जाते.

२. सोलिंग. काळा दगड मिळाला तर उत्तम. चिऱ्याचे तुकडे स्वस्त पडतात, पण चिरा स्वतः पाणी ओढतो, म्हणून खालच्या थराला तो नको. दगड आडवे न पसरता उभे, एकमेकांना खेटून बसवा. मधल्या फटी बारीक खडीने ठोकून भरा. इथे गवंडी बहुतेक वेळा लाल माती किंवा मुरूम टाकून फटी भरतो आणि वर पाणी मारतो. तसे करू देऊ नका. दगडामधल्या पोकळीत माती गेली की वात परत जोडली गेली.

३. कचीचा थर. सोलिंगवर क्रशरची जाडी कच दोन इंच पसरून, धुमस मारून सपाट करा. याचे काम एकच, दगडाच्या टोकांनी वरचे प्लास्टिक फाटू नये.

४. प्लास्टिक. २५० मायक्रॉनचे, म्हणजे पाव मिलीमीटर जाडीचे नवे प्लास्टिक घ्या. जुनी ताडपत्री चालणार नाही. तिला आपल्या नकळत शंभर भोके असतात. दोन पट्ट्यांची जोड एक फूट एकावर एक आली पाहिजे, आणि जोडावर चिकटपट्टी. सगळ्या यादीत ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि पैसे वाचवायचे म्हणून लोक नेमकी हीच गाळतात. ते अंथरल्यावर अनवाणी किंवा रबरी बूट घालून चाला आणि घमेली वरून आपटू नका.

५. काँक्रीट. प्रमाण १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग २० एमएम खडी. मापाला घमेले नको, लाकडी पेटी करा. एका गोणीचे सिमेंट साधारण सव्वा घनफूट भरते, म्हणून एका गोणीला अडीच घनफूट वाळू आणि पाच घनफूट खडी. पाणी एका गोणीला ३० लिटरच्या आसपास, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पसरायला सोपे जावे म्हणून गडी पाणी वाढवत जातात. मालक म्हणून तुम्ही उभे राहायचे ते नेमके इथे. पातळ काँक्रीट सुकताना आकसते, भेगा पडतात आणि वरचा भाग भुसभुशीत होतो.

सगळी खोली एका दमात ओतू नका. १२ बाय १५ ची खोली असेल तर तिचे चार भाग करा, मध्ये लाकडी पट्ट्या लावा, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन भाग आधी, उरलेले दोन नंतर भरा. काँक्रीट सुकताना आकसणारच. जोड तुम्ही ठेवला नाही, तर ते आपल्या मनाने भेग पाडून घेते.

लोखंडी जाळी घालायची का? जमीन नीट दाबलेली असेल आणि चार इंच जाडी असेल, तर जाळी, बर्फाच्या पेट्या, इंजिने यांच्या वजनाला लोखंडाची गरज नाही. उलट आपल्याकडे खारे पाणी जमिनीवर सांडत राहते. ते झिरपून लोखंडापर्यंत गेले, की गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. ते पैसे दगडाच्या थरात घाला.

६. उतार आणि पृष्ठभाग. जिथे पेट्या धुणार, पाणी सांडणार तिथे दर १० फुटांना दीड इंच उतार दाराकडे किंवा मोरीकडे द्या. नुसती जाळी ठेवायची असतील तर त्याच्या निम्माही पुरे. लेव्हल पाइपने चारही भिंतींवर आधीच खुणा करून घ्या, अंदाजपंचे नको. वरून आरशासारखे गुळगुळीत करून मागू नका. ओल्या पायाने, हातात ४० किलोची पेटी घेऊन चालताना घसरलात तर कंबर जाते. रंधा फिरवल्यावर झाडूने हलके चरे ओढा, झाले. वर कोरडे सिमेंट भुरभुरवण्याची सवय काही गवंड्यांना असते. त्याने पापुद्रा बनतो आणि तो पुढे सुटतो.

७. पाणी मारणे. आजकाल बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसी असते. त्याला निदान १० दिवस ओले ठेवावे लागते. गोणपाट अंथरून भिजते ठेवा. पाणी गोडे हवे. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा आधी चव घेऊन बघा. सात दिवस तरी जड सामान नको. इंजिन, पिंपे, भरलेल्या पेट्या महिन्यानंतरच.

सिमेंटच्या ओल्या मिश्रणात उघड्या पायाने उभे राहू नका. त्यातला चुना कातडे भाजतो, आणि आपल्या पायांना तर आधीच खाऱ्या पाण्याने भेगा असतात.

ओल भिंतीत जाते, त्याचे काय?

ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. आतापर्यंत मातीची जमीन उघडी होती, खालची ओल तिथून हवेत उडून जायची. आता तुम्ही ती वाट प्लास्टिकने बंद केली. मग ती ओल बाजूला सरकते आणि भिंतीतून चढते. सिमेंटमध्ये बांधलेली चिऱ्याची भिंत हे सोसते. मातीत बांधलेली जुनी भिंत बुडाशी मऊ होऊ शकते.

म्हणून मातीत बांधलेला मांगर असेल आणि आत पाणी सांडायचे काम नसेल, तर काँक्रीट भिंतीला भिडवू नका. चारही बाजूंनी सहा इंचांचा पट्टा सोडा आणि तो फक्त खडीने भरा. तिथून ओल उडून जाईल. त्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचीही घाई नको. गिलावा केला की ओल आतच कोंडते. चुन्याची सफेती चालते.

ज्या मांगरात पेट्या धुणार तिथे मात्र पट्टा ठेवता येत नाही, पाणी पायात जाईल. तिथे प्लास्टिक भिंतीवर सहा इंच चढवा, काँक्रीट भिंतीपर्यंत न्या आणि कोपऱ्याला गोलाई द्या. अशी जागा शक्यतो सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीच्या खोलीतच करा.

समोरासमोरच्या भिंतींत वर एकेक झरोका ठेवा. त्याला बारीक जाळी मारा, म्हणजे उंदीर येणार नाही. हवेतल्या ओलीला हेच औषध.

वाळू कुठली?

समोर वेळ आहे, म्हणून तिथली वाळू उचलायची, हा मोह सोडा. पहिले कारण, त्यात मीठ आहे, आणि मिठाचे काय होते ते वर सांगितलेच. दुसरे, किनारी क्षेत्रात वाळू उपसायला सीआरझेडची बंदी आहे. तिसरे, त्याच वाळूच्या टेकड्या आपल्या होड्या आणि खोपी लाटांपासून राखतात.

विकत आणलेली वाळू तपासायची सोपी रीत: काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू परत पाठवा. खारटपणा बघायचा तर दुसऱ्या बाटलीत मीठ न घालता वाळू भिजवा आणि वरचे पाणी जिभेला लावा. आपल्या जिभेला तो लगेच कळतो.

१२ बाय १५ फुटांच्या मांगराचा हिशेब

क्षेत्रफळ १८० चौरस फूट. चार इंच जाडीचे काँक्रीट ६० घनफूट.

- सिमेंट: ११ गोणी (एखादी जास्त आणा)
- वाळू: २८ घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त
- २० एमएम खडी: ५५ घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त
- सोलिंगचा दगड: साधारण १ ब्रास
- जाडी कच: ३५ ते ४० घनफूट
- प्लास्टिक: २५० चौरस फूट

दर रोज बदलतात, म्हणून रुपये लिहिले नाहीत. ही यादी घेऊन दोन-तीन ठिकाणी विचारा. गवंड्याला "इतके चौरस फूट, इतके पैसे" असे उधळे काम देऊ नका. कोणता थर किती इंच, हे कागदावर लिहून द्या आणि प्रत्येक थर झाल्यावर टेपने मोजून मगच पुढचा घालायला सांगा. वरून सगळे कोबे सारखेच दिसतात. आत काय आहे ते फक्त पाऊस सांगतो.

कागदपत्रांचे

आपले बहुतेक मांगर भरतीरेषेच्या जवळ आहेत. सीआरझेडच्या नियमात, विकासास मनाई असलेल्या पट्ट्यातही, आधीच्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र आणि घनता आहे त्याहून वाढता कामा नये. याचा साधा अर्थ, काम आहे त्या चार भिंतींच्या आत करा. "चाललंच आहे काम तर दोन फूट पडवी पण काढू" असे करू नका. तिथेच नोटीस येते. काम सुरू करण्यापूर्वी पंचायतीत जाऊन लेखी परवानगी लागते का ते विचारा, घरपट्टीची पावती असेल तर शोधून ठेवा, आणि आतले-बाहेरचे फोटो तारखेसह काढून ठेवा. मांगर भाटकाराच्या जागेत असेल तर आधी त्याच्याशी बोला आणि लेखी घ्या. तोंडी शब्दावर गोणी उतरवू नका.

सगळ्यांनाच कोबा हवा का?

नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

ज्या मांगरात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी वर येते, जिथे समुद्र दरवर्षी जवळ सरकतो आहे, किंवा जिथे जागेचा वाद आहे, तिथे कायमचे काँक्रीट करण्यात अर्थ नाही. तिथे दाबलेल्या मातीवर खडीचा थर आणि त्यावर सुट्या शहाबादी फरश्या किंवा काळ्या दगडाच्या लाद्या कचीवर बसवा. उद्या काही झाले तर उचलून नेता येतात. एखादी खचली तर तेवढीच काढून खाली कच भरायची.

आणि फक्त जाळी ठेवायची असतील, तर सारवलेली जमीन वाईट नाही. जमिनीपासून दीड फूट उंच फळ्यांचा मांडव करा, जाळी त्यावर. नायलॉनचे जाळे ओलीने कुजत नाही. त्याचे खरे शत्रू ऊन आणि उंदीर. कुजतात आणि बुरसतात त्या सुती-काथ्याच्या दोऱ्या. ओलीचा खरा फटका बसतो तो इंजिनाला, त्याच्या वायरी आणि जोडांना, आणि सुक्या नुस्त्याला. सुक्या बांगड्याला एकदा बुरशी लागली की तो खाऊही नये, विकूही नये. म्हणून पैसा कमी असेल तर सगळा मांगर करू नका. इंजिन आणि सुके ठेवायचा एक कोपरा, सहा बाय आठ फुटांचा, नीट सगळे थर घालून करा. बाकीचे पुढच्या वर्षी.

कोबा झाल्यावरही काही थेट जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्या, वर सामान. इंजिन घोडीवर उभे. डिझेल-पेट्रोलचे डबे या खोलीत नकोत.

ज्यांना काम काढायचे आहे त्यांनी मांगराची लांबी-रुंदी, दाराची उंची, भिंत मातीतली की सिमेंटमधली, आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किती वर-खाली, एवढे लिहून कार्यालयात आणा. संध्याकाळी पाचनंतर मी असतो, बसून तुमच्या मापाचा हिशेब काढू. दोघा-तिघा शेजाऱ्यांचे काम एकत्र निघाले तर दगड-खडीची एकच गाडी मागवता येईल आणि भाडे वाटून जाईल.

यंदाच्या बंदीत एवढेच करा: प्लास्टिकचा कागद पसरून बघा, खड्डा मारून बघा, भिंतीवर खूण करा. बाकीचे पाऊस गेल्यावर.

आपला,
सचिव